आधी सीट बघ, मग पेपर

काहून इतकी घाबरून रायली वं? तुझी यादी वाचली. सीईटी, जेईई मेन, नीट, सीयूईटी, बिटसॅट, व्हीआयटीची परीक्षा, सिंबायोसिसची सेट, आणि सगळ्यात खाली प्रश्न: ‘ताई, यातली भारी कोणती?’ तिकडे अकोल्यात तापडिया नगरापासून गोरक्षण रोडपर्यंत आणि इकडे अमरावतीत राजापेठपासून गाडगेनगरपर्यंत क्लासच्या फ्लेक्सवर हाच प्रश्न निरनिराळ्या रंगांत छापलेला असतो, म्हणून तुला दोष देत नाही. पण परीक्षा अशी भारी-हलकी मोजायची नसते. तिच्यामुळे कोणत्या कॉलेजची सीट मिळू शकते, ती सीट वाटतं कोण आणि तिथली फी कोणाच्या खिशातून जाते, हे आधी विचारायचं. पेपर सोपा की अवघड, हे त्यानंतर.

फीपासूनच सुरू करते. घरात तो विषय निघाला की काकाजी टीव्हीचा आवाज वाढवतात, म्हणजे तुझ्याशी कोणी बोललेलं नसणार.

महाराष्ट्रात २०२४-२५ पासून एक मोठी गोष्ट झाली आहे. घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल, आणि मुलगी ओबीसी, एसईबीसी किंवा ईडब्ल्यूएसमध्ये बसत असेल, तर व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ. आधी यातली निम्मीच माफ व्हायची. ओबीसीच्या दाखल्यावर आणि काकाजींच्या कपाशी-सोयाबीनच्या उत्पन्नावर तू यात बसतेस. पण ही माफी मिळते ती सरकारी केंद्रीभूत प्रवेशातून, म्हणजे ज्याला सगळे ‘कॅप राउंड’ म्हणतात त्यातून सीट घेतली तरच. मॅनेजमेंट कोट्यातून गेलीस तर नाही. खासगी अभिमत विद्यापीठात किंवा स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठात गेलीस तर नाही. आता तुझी यादी पुन्हा वाच. बिटसॅट, व्हीआयटी आणि सेट, या तिन्ही परीक्षा जिथे नेतात तिथे ही माफी पोचत नाही. पोरगी तीच, डोकं तेच, अभ्यास तोच. फरक फक्त कोणत्या खिडकीतून आत गेलीस याचा, आणि तो चार वर्षांत लाखांच्या घरात जातो.

त्या संस्था वाईट आहेत असं मी म्हणत नाही. बिट्सचा गोव्याचा कॅम्पस मी पाहिला आहे, शिक्षणही चांगलं आहे. ज्यांच्या घरी चार वर्षांची फी बाजूला काढून ठेवलेली आहे त्यांनी बिटसॅट खुशाल द्यावी. तुझ्यासारखीनं ती ‘देऊन ठेवू, काय बिघडते’ म्हणून देऊ नये. तिचा नुसता फॉर्मच सीईटीच्या फॉर्मच्या काही पट महाग आहे.

इंजिनिअरिंगच्या सीट कुठे आहेत ते बघ. अमरावतीचं शासकीय अभियांत्रिकी, १९६४ पासूनचं. बडनेऱ्याचं राम मेघे, शेगावचं संत गजानन महाराज, अकोल्याजवळ बाभूळगावचं कॉलेज. या सगळ्यांची मुख्य परीक्षा एकच, एमएचटी-सीईटी. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची बी.एस्सी. ॲग्री आणि सगळीकडची बी.फार्म. याच सीईटीवर. जेईई मेन कशासाठी? आपल्यासाठी मुख्यतः नागपूरच्या व्हीएनआयटीसाठी. एनआयटीत निम्म्या जागा त्या-त्या राज्यातल्या मुलांना असतात, म्हणजे तिथल्या निम्म्या जागांसाठी तुझी स्पर्धा महाराष्ट्रातल्याच पोरांशी आहे, बिहार-राजस्थानशी नाही. शिवाय जेईई मेनमधल्या वरच्या अडीच लाख मुलांना ॲडव्हान्स्ड देता येते, आणि आयआयटीचा रस्ता तिथून पुढे. आपल्या राज्यातल्या विनाअनुदानित कॉलेजांतही १५ टक्के जागा जेईईच्या गुणांवर भरतात, हे क्लासवाले सहसा सांगत नाहीत. सीईटीचा दिवस वाईट गेला तर ही फट कामी येते.

आता पेपरांच्या चालीबद्दल, कारण पोरी फसतात त्या इथेच.

सीईटीत आधी भौतिक आणि रसायन मिळून १०० प्रश्न, वेळ ९० मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. मग गणिताचे ५० प्रश्न, पुन्हा ९० मिनिटं, प्रत्येक प्रश्न २ गुणांचा, एकाला १०८ सेकंद. पहिली ९० मिनिटं संपली की तो भाग बंद होतो. स्क्रीनवर गणित उघडतं, आणि मागे जाऊन ‘तो लेन्सचा प्रश्न जरा बघते’ म्हणायची सोय नसते. जेईई मेनमध्ये १८० मिनिटांत ७५ प्रश्न, एकाला २ मिनिटं २४ सेकंद, आणि तीन तासांत कोणत्याही विषयात कधीही फिरता येतं. नीटमध्ये १८० मिनिटांत १८० प्रश्न. बिटसॅटमध्ये तीन तासांत १३०, त्यात वर इंग्रजी आणि लॉजिकल रीझनिंगसुद्धा.

म्हणजे जेईई मेन खोल विहीर आहे आणि सीईटी धावण्याची शर्यत. आमच्या बॅचमध्ये एक पोरगी होती, जेईईचा प्रश्न कागदभर मांडून, आकृती काढून, युनिट लिहून सोडवायची. सर तिची वही वर्गात फिरवायचे. सीईटीत तिनं भौतिकचे प्रश्न तसेच मांडून सोडवले, आणि घड्याळ शून्यावर आलं तेव्हा रसायनाचे कितीतरी प्रश्न वाचायचेच राहिले होते. रसायन तिचा पक्का विषय होता! म्हणून सीईटीत आधी रसायन उरकायचं, तिथे वाचलेली मिनिटं भौतिकला द्यायची. घरी सराव करताना मोबाइलवर ५४ सेकंदांचा गजर लावून बस. पहिले दोन दिवस रडू येईल, नंतर हाताला सवय होते.

चुकीच्या उत्तराचा हिशेबही वेगळा आहे. सीईटीत चुकीला दंड नाही. एकही प्रश्न कोरा सोडून उठलीस तर मी तुझ्याशी बोलणार नाही. जेईई मेन आणि नीटमध्ये बरोबरला ४, चुकीला वजा १. क्लासमध्ये सांगतात, ‘येत नाही तर हात लावू नका.’ पण जरा मांडून बघ. चार पर्यायांचे चार प्रश्न डोळे मिटून मारले, त्यातला सरासरी एक बरोबर आला, तर ४ मिळाले, ३ गेले, १ हाती उरला. एक पर्याय नक्की चूक आहे हे कळत असेल तर फायदा आणखी वाढतो. बिटसॅटमध्ये बरोबरला ३ आणि चुकीला वजा १, तिथे आंधळ्या अंदाजात हाती शून्य. खरा धोका अर्धवट आठवणाऱ्या प्रश्नात असतो, कारण पेपर काढणाऱ्यानं चुकीचा पर्याय तुझ्या त्या अर्धवट आठवणीसाठीच ठेवलेला असतो.

आणखी एक फरक तुझ्या अकरावीचा. गणेशोत्सव, गॅदरिंग, मावशीचं लग्न यांत तुझी अकरावी कशी गेली ते मला माहीत आहे. सीईटीत अकरावीचा भाग सुमारे २० टक्के, बाकी ८० टक्के बारावीचा. जेईई आणि नीट दोन्ही वर्षांचं सगळंच विचारतात. म्हणून तुझ्यासाठी सीईटी माफ करणारी परीक्षा आहे.

आता पर्सेंटाइल. मोठी आई परवा विचारत होती, ‘पोट्टीले नव्वद टक्के भेटले तं पेढे वाटाचे का?’ पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. ९० पर्सेंटाइल म्हणजे शंभरातली नव्वद मुलं तुझ्याइतकीच किंवा तुझ्या मागे आहेत. सीईटीला दोन्ही गट मिळून सात लाखांवर मुलं नोंद करतात, म्हणजे पीसीएमच्या गटातच ९० पर्सेंटाइलवालीच्या पुढे चाळीसेक हजार असू शकतात. पेपर बऱ्याच सत्रांत होतात, कोणाचा सोपा कोणाचा कठीण, म्हणून त्या-त्या सत्रातल्या मुलांशीच तुलना करून हा आकडा काढतात. मैत्रिणीचा सकाळचा पेपर सोपा गेला म्हणून तू जेवण सोडायचं कारण नाही.

हे सगळं बिनचूक चालतं असंही नाही. २०२५ मध्ये २७ एप्रिलच्या सकाळच्या सत्रात गणिताच्या वीसेक प्रश्नांचे पर्यायच चुकले होते. सीईटी कक्षाला ५ मे रोजी सत्तावीस हजारांवर मुलांची परीक्षा पुन्हा घ्यावी लागली. नीटचं २०२४ चं तर सगळ्या देशानं पाहिलं. ४ जूनच्या निकालात ६७ जणांना पैकीच्या पैकी, १५६३ जणांना दिलेले वाढीव गुण मागे घ्यावे लागले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि शेवटी परीक्षा रद्द झाली नाही. यातून माझा निष्कर्ष साधा: एकाच पेपरावर सगळं टाकू नये. पण सातही देऊ नयेत. दोन पुरेत.

तुझ्या यादीत नीट कशाला आहे, हे मला कळलेलं नाही. तुझा ग्रुप पीसीएम आहे. बायो सोडून दोन वर्षं झाली, आणि नीटमध्ये निम्मा पेपर बायोचा असतो. तो काकूंचा आग्रह दिसतो. पण तुझी मैत्रीण पीसीबीची आहे, तिच्यासाठी लिहिते, तिला वाचून दाखव.

तिला पर्याय निवडायचा प्रश्नच नाही. एमबीबीएस, बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस, जनावरांची डॉक्टरकी, सगळं नीटवर. अकोल्याचं शासकीय वैद्यकीय २००२ पासून आहे. अमरावतीत पंजाबराव देशमुख स्मृती वैद्यकीय महाविद्यालय १९८४ चं, आणि २०२४ पासून आता शासकीयही सुरू झालं आहे. नागपूरचं एम्स असो की वर्ध्याजवळच्या सावंगीचं अभिमत विद्यापीठ, कोणाचीही वेगळी परीक्षा नाही. कोणी ‘आमच्या खासगी मेडिकलची स्वतंत्र एंट्रन्स आहे’ म्हणून पैसे मागितले तर तिथून उठून यायचं. शासकीय कॉलेजातल्या ८५ टक्के जागा राज्याच्या, १५ टक्के देशभरासाठी. आपल्या मोठ्या दादांच्या वेळी राज्याच्या जागांतही ७०-३० होतं, विदर्भातल्या कॉलेजांतल्या ७० टक्के जागा विदर्भातल्या मुलांना. ते २०२० मध्ये गेलं. तेव्हा घरातले जुने लोक ‘इतक्या मार्कांवर अकोल्याचं मेडिकल होते’ सांगतात तो हिशेब जुना आहे, तिनं तो मनावर घेऊ नये. तिनं सीईटीचा पीसीबी पेपरही द्यावा; फार्मसी आणि ॲग्रीची वाट मोकळी राहते.

भाषेचं म्हणशील तर नीट आणि जेईई मेन दोन्ही मराठीतून देता येतात, फॉर्म भरतानाच निवडायचं. सीईटीत भौतिक, रसायन, जीवशास्त्र मराठीत मिळतं, गणित मात्र इंग्रजीतच. नीटच्या मराठी प्रश्नपत्रिकेत प्रश्न इंग्रजीतही दिलेला असतो, आणि अनुवादात गोंधळ झाला तर इंग्रजी मजकूर ग्राह्य. तिला सांग, मराठी वाक्य अडलं की डोळे लगेच इंग्रजीकडे वळव.

सीयूईटी तुझ्या यादीत कुठून आली? ती २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठांसाठी आहे. दिल्ली विद्यापीठात बी.ए., बी.कॉम. करायचं असेल, किंवा आपल्याजवळचं म्हणजे वर्ध्याचं महात्मा गांधी हिंदी विद्यापीठ, तर ती. तुला इंजिनिअर व्हायचंय ना? मग खोड. उलट धाकट्या चुलतबहिणीला, कॉमर्सवालीला सांग, की महाराष्ट्रात बीबीए, बीसीए, बीएमएससाठी २०२४ पासून वेगळी सीईटी सुरू झाली आहे. पहिल्या वर्षी कित्येक पोरांना ते माहीतच नव्हतं, जागा रिकाम्या राहायला लागल्या आणि ऑगस्टमध्ये पुन्हा परीक्षा घ्यावी लागली. बारावीचा निकाल घेऊन थेट कॉलेजात जायचं, हे दिवस त्या कोर्सांपुरते संपले.

तुझ्या भावाचंही काकूंनी विचारलं होतं. तो पाचवीत आहे, त्याच्यासाठी नवोदय. अमरावती आणि अकोला, दोन्ही जिल्ह्यांत शाळा आहे. ८० प्रश्न, १०० गुण, दोन तास, मराठीतून, आणि निम्मे गुण बुद्धिमत्तेच्या आकृत्यांना. ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना, तुमचं गाव त्यात येतं. पण सहावीसाठीची ही परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते, हे नीट ध्यानात ठेवा. सातारा किंवा चंद्रपूरच्या सैनिकी शाळेची परीक्षा वेगळी, तिथे १२५ प्रश्न, ३०० गुण आणि फीही आहे. नवोदयमध्ये राहणं-खाणं-शिकणं सरकारचं. आणि त्या शेजारच्या काकूंना सांग, पहिलीच्या प्रवेशासाठी लेकराची ‘टेस्ट’ आणि आईबापाची मुलाखत घेणाऱ्या शाळेला आरटीई कायद्याच्या १३ व्या कलमानं तसं करायला बंदी आहे, पहिल्याच वेळी २५ हजारांपर्यंत दंड. तक्रार कोणी करत नाही, हा भाग वेगळा.

तुझ्याकडे परत येते. माझं मत विचारशील तर दोनच परीक्षा: जेईई मेन जानेवारीची, आणि सीईटी. जानेवारीत प्रॅक्टिकलची धांदल असते, तरी दे. व्हीएनआयटीइतके गुण पडले तर उत्तम. नाही पडले तर एप्रिलची जेईई सोडून फेब्रुवारीत बोर्ड आणि मग सगळा वेळ सीईटीला. बोर्डाकडे मात्र ‘नुसतं पास झालं की पुरे’ असं बघू नकोस. सीईटीच्या प्रवेशाला पीसीएममध्ये ४५ टक्के, आरक्षणात ४० पुरतात हे खरं, पण एनआयटीला बारावीत ७५ टक्के किंवा बोर्डातल्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असावं लागतं. तुमचं ते ‘इंटिग्रेटेड’ कॉलेज, जिथे नाव एका गावात आणि क्लास दुसऱ्या गावात, तिथे बोर्डाचं कोणी शिकवत नाही. ते तुलाच करायचं आहे.

कटऑफची यादी कशी वाचायची ते एकदा दाखवते, कारण ती पाहून भलेभले चक्रावतात. प्रत्येक ब्रँचखाली इंग्रजी अक्षरांचे कोड असतात. पहिलं अक्षर ‘एल’ म्हणजे मुलींच्या जागा, ‘जी’ म्हणजे सर्वसाधारण. मध्ये प्रवर्ग, ओपन, ओबीसी वगैरे. शेवटी ‘एच’ असेल तर आपल्या विद्यापीठाच्या हद्दीतल्या मुलांसाठी, म्हणजे अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशिम. ‘ओ’ असेल तर बाहेरच्यांसाठी. ‘एस’ म्हणजे साऱ्या राज्यासाठी. तू बघायचा तो रकाना ‘एल-ओबीसी-एच’. मैत्रिणीच्या भावाचं ऐकून ‘जी-ओपन-ओ’चा आकडा पाहून रडत बसू नकोस. दुसरं, टीएफडब्ल्यूएस नावाच्या फीमाफीच्या थोड्या जागा प्रत्येक ब्रँचला असतात. त्यांचा कोड वेगळा असतो आणि तो पसंतीक्रमात वेगळा टाकावा लागतो, आपोआप मिळत नाही. आणि पसंतीक्रम खरा भर. २०२५ च्या नियमाप्रमाणे पहिल्या फेरीत पहिल्या नंबरचं कॉलेज लागलं तर तेच घ्यावं लागायचं, पुढच्या फेऱ्या बंद. ‘नुसतं टाकून बघू’ म्हणून पहिल्या नंबरवर काही टाकायचं नाही. नियम दरवर्षी थोडे हलतात, म्हणून त्या वर्षीची माहितीपुस्तिका मोबाइलवर उतरवून ठेव आणि क्लासच्या व्हॉट्सॲप ग्रुपपेक्षा तिच्यावर विश्वास ठेव.

सीईटी येते ऐन एप्रिल-मेच्या उन्हात. सेंटर कुठेतरी गावाबाहेरच्या इंजिनिअरिंग कॉलेजातली कॉम्प्युटर लॅब असते, आणि फाट्यावरून पायी जावं लागतं. अमरावती-अकोला रस्ता तर आता मस्त आहे. जून २०२२ मध्ये त्याचा ७५ किलोमीटरचा पट्टा १०५ तासांत डांबरून गिनीज बुकात नाव लावलं होतं लोकांनी, पण त्यानं ४४ अंशांचं ऊन कमी होत नाही. सेंटर दूर असेल तर आदल्या दिवशी इकडे माझ्याकडे ये. स्कार्फ, पाण्याची बाटली, हॉल तिकिटाच्या दोन प्रती, ओळखपत्र, बस.

आणि हे सगळं वाचून अभ्यासाला बसण्याआधी एक काम कर. काकाजींना घेऊन मूर्तिजापूरच्या सेतू केंद्रात जा. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, नॉन-क्रीमीलेअर, आणि कॉलेजमार्फत जात पडताळणीचा अर्ज. नॉन-क्रीमीलेअरची मुदत कोणत्या ३१ मार्चला संपते ते दाखल्यावर वाचून बघ. प्रवेशाच्या वेळी तो चालू असला पाहिजे. फीमाफी गुणांवर मिळत नाही, या कागदांवर मिळते. जून-जुलैत तिथे उभं राहायला जागा नसते, आत्ता रिकामं आहे. सोमवारी सकाळी जा, आणि पावतीचा फोटो मला पाठव.